केरबाआण्णाची हाळी

आमच्या गल्लीत पहाट व्हायची ती केरबाआण्णाच्या हाळीनं. "हुर्र ये चांदी, येऽऽ" अशी ती हाक. त्यातला 'ये' तो इतका लांबवायचा की सुरू कुठं झाला आणि संपला कुठं याचा पत्ता लागत नसे. मी अजून अंथरुणात असायचे. झोप पुरती गेलेली नाही आणि जाग पुरती आलेली नाही, अशा वेळी ती हाक आत शिरायची आणि माझ्या स्वप्नातली माणसंसुद्धा मान वळवून बघायची. मग आण्णाची जुनी यझदी फटफटत सुरू व्हायची. तिच्यामागून खुरांचा आवाज पंचगंगेच्या दिशेनं उतरत जायचा आणि हळूहळू धुक्यात मुरून जायचा. मी उशी कानावर दाबून आण्णाला मनातल्या मनात चार शिव्या घालायचे आणि पुन्हा झोपायचे.

आण्णाचं पूर्ण नाव केरबा शिंगे. आमची वसाहत बौद्धांची, विहाराला लागून त्याचं घर, आणि घराला लागून गोठा. बायको धोंडुबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. एके काळी दावणीला चार म्हशी होत्या. वय झालं तसा तो एकेक कमी करत गेला आणि शेवटी चांदी राहिली. काळी कुळकुळीत म्हैस आणि कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून चांदी. माझं राजारामपुरीत झेरॉक्स आणि वह्या-पेनांचं दुकान आहे. शेणाचा वास मला सहन होत नाही, आणि तरी रोज सकाळी तांब्या घेऊन त्याच्या गोठ्यात उभी असायची ती मीच. आण्णा मला पुर्णे म्हणायचा. वैशाखी पौर्णिमेचा जन्म म्हणून आईनं हौसेनं पूर्णिमा नाव ठेवलं, त्याची आण्णानं ही गत केली.

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवतात. शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांच्या माळा, डोक्याला मोरपिसं, आणि मग मालकानं मोटारसायकल पुढं काढायची. सायलेन्सरमधली पुंगळी काढून टाकलेली, म्हणजे गाडी नुसती बोंबलते. त्या आवाजामागून म्हैस भर गर्दीतून पळत येते. शंभर गाड्या असल्या तरी आपल्या मालकाची गाडी तिला कळते, त्याची हाळी कळते. पाडव्याचं आपल्याला काय, असं विहारात कोणी म्हटलं की आण्णा म्हणायचा, "सण म्हशीचा हाय. म्हशीला कुठला आलाय धर्म?" आणि चांदीची शिंगं निळी रंगवायचा.

चांदीचं पहिलं रेडकू जन्मताच गेलं होतं. रेडकू गेलं की म्हैस पान्हा चोरते, दूध वरच ओढून धरते, कोणालाही धार काढू देत नाही. आण्णा तेव्हा गोठ्यातच राहायला गेला. तिच्या गळ्याला हात टाकून बसायचा, तिच्याशी काहीबाही बोलायचा. एका सकाळी तिनं त्याचा तळहात चाटला आणि पान्हा सोडला. पुढं तिला आणखी रेडकं झाली, मोठीही झाली, पण धार मात्र आण्णानंच काढायची हे तिनं एकदा ठरवलं ते ठरवलं. आण्णाला त्याचा केवढा अभिमान. "माझ्याबिगर एक थेंब द्याची न्हाय," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, जसं काही पोरीला बक्षीस मिळालंय.

हा अभिमान त्याच्या अंगाशी आला. एके वर्षी ज्येष्ठात त्याला न्यूमोनिया झाला आणि आम्ही त्याला सरकारी दवाखान्यात भरती केलं. इकडे चांदीनं वैरण सोडली. कासेला दूध तटतटलेलं, पण हात लावू देईना. कोणीतरी शक्कल काढली की आण्णाचा सदरा घालून बसा, वासानं फसेल. गल्लीत आण्णाच्या मापाची मीच निघाले. तर मी, दुकानाची मालकीण, त्याचा घामट सदरा घालून, डोक्याला त्याचं मफलर गुंडाळून, चरवी गुडघ्यात धरून बसले. चांदीनं मान वळवून माझा वास घेतला. क्षणभर तिचे डोळे असे काही भरून आले की मलाच अपराध्यासारखं वाटलं. मग तिनं पाय झाडला. चरवी एकीकडे, मी शेणात. लोक हसले, मीही हसले, पण रात्री तिचं हंबरणं ऐकू आलं तेव्हा कोणी हसलं नाही.

आण्णा घरी आला तेव्हा चांदीची कास सुजून दगड झाली होती. काठी टेकत तो गोठ्यात शिरला, नुसता "ये गं" म्हणाला, आणि त्याचा हात लागायच्या आधीच दुधाचे थेंब जमिनीवर पडायला लागले. बायका पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, बघा मुक्या जनावराची माया. आण्णा नुसता तिच्या कासेकडं बघत होता. संध्याकाळी मी गेले तर तो तिच्या कासेला कोमट पाण्यानं शेकत होता.

"पुर्णे, ह्यात कौतुक करण्याजोगं काय न्हाय," तो म्हणाला. "उद्या मी मेलो तर ही काय करंल? चार दीस हंबरंल. दूध द्याची न्हाय. मग कोन पोसतंय? हिला बाजारात उभी करतील. आनि बाजारातनं कुठं जाती ते तुला बी ठावं हाय."

"मग आत्ताच द्या की कुणाला. तुम्ही जिवंत आहात तोवर दुसऱ्या हाताची सवय होईल तिला."

"व्हय," तो म्हणाला. फडकं पुन्हा पाण्यात बुडवून पिळलं. "आनि माझं काय व्हनार?"

घेणारा तयार होता. कागलचा अल्ताफ आण्णाला वर्षानुवर्षं उसाचं वाडं, म्हणजे शेंड्यांची वैरण, आणून टाकायचा. त्याची बायको शबनूर घरच्या दोन म्हशी सांभाळायची, जनावराला कधी हात न उगारणारी बाई. आण्णानं तिचा गोठा पाहिलेला होता. त्यामुळं कोणाला द्यायची हा प्रश्नच नव्हता. द्यायची की नाही, एवढंच ठरत नव्हतं. सोमवारी तो म्हणायचा देतो, मंगळवारी म्हणायचा अजून माझ्या हातात जोर आहे. अल्ताफ बिचारा दोनदा रिकामा टेम्पो घेऊन आला आणि चहा पिऊन परत गेला. मी आण्णावर चिडले. माणसानं इतकं लोंबकळू नये, असं माझं मत, आणि ते मी त्याला ऐकवलंसुद्धा.

आषाढी पौर्णिमेला विहारात भन्ते वर्षावासाला आले. पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहणार, रविवारी धम्मावर बोलणार. शांत, थोडे तोतरे, तरुण भिक्खू. पहिल्याच रविवारी ते आसक्तीवर बोलले. वंदना झाली, प्रश्न विचारा म्हणाले, आणि आण्णा उभा राहिला. पांढरा सदरा, हात जोडलेले.

"भन्ते, म्हस ठिवू का दिऊ?"

सगळा विहार हसला. भन्ते हसले नाहीत. त्यांनी सगळी हकिकत विचारून घेतली, रेडकापासून दवाखान्यापर्यंत. मग म्हणाले, "म्हशीतलं मला काही कळत नाही. निर्णय बरोबर की चूक, तेही आधी सांगता येत नाही, ते पुढं कळतं. पण तो मनात कुठून उगवतोय, एवढं आत्ता बघता येतं. घाबरून ठेवू नका. वैतागून देऊ नका. भीती आणि वैताग दोन्ही खाली बसू द्या, मग जे उरेल ते करा."

"खाली कसं बसायचं त्ये?"

"तुम्ही बसा. तेही बसेल."

आण्णानं हे शब्दशः घेतलं. रोज संध्याकाळी धार काढून झाली की तो गोठ्यातच पोत्यावर मांडी घालून डोळे मिटून बसू लागला, भन्त्यांनी शिकवल्याप्रमाणे श्वासाकडे बघत. मी एकदा दूध घ्यायला गेले आणि दारातच थांबले. बाहेर झिमझिम चालू होती. आत दिवा लावलेला नव्हता. अंधारात एक मोठा श्वास आत जायचा, बाहेर यायचा, आणि तो म्हशीचा की माणसाचा हे मला कळेना. काही वेळानं माझाही श्वास त्याच लयीत चालायला लागला. मी भिंतीला टेकले. दुकान, गिऱ्हाईकं, लाइटबिल सगळं फार लांबच्या गावी राहिल्यासारखं वाटलं. किती वेळ गेला कोण जाणे, आण्णाचा आवाज आला.

"पुर्णे, मी हिच्यासाठी म्हन ठिवत न्हवतो. मला सकाळी कोनतरी वळखावं म्हनून ठिवत हुतो." आणि लगेच, त्याच आवाजात, "अल्ताफला फोन लाव."

श्रावणातल्या एका पहाटे आम्ही निघालो. चांदी काही केल्या टेम्पोत चढेना. शेवटी आण्णानं यझदी काढली आणि म्हणाला, येईल मागनं. मागं मी बसले, मांडीवर दशम्यांचा डबा घेऊन, कारण आजारातून उठलेल्या माणसाला एकटं सोडायची माझी छाती नव्हती. पुढं आमची गाडी, मधे चांदी, आणि तिच्यामागं अल्ताफचा टेम्पो दिवे मिचकावत. हायवेला लागून असलेल्या सर्व्हिस रोडनं आम्ही चालीच्या वेगानं कागलकडे चाललो. धुकं असं होतं की मी मागं वळून पाहिलं की म्हैस दिसायचीच नाही. तिचं काळं अंग त्या पांढऱ्यात विरघळून जायचं आणि कपाळावरचा ठिपका तेवढा आमच्यामागून तरंगत यायचा. मधूनच आण्णा हाळी द्यायचा आणि ठिपका जवळ यायचा. ट्रक बाजूनं गरजत जायचे, तेही कुठल्या दुसऱ्या जगातले वाटायचे. मध्ये थांबत, तिला चारत, आम्ही दुपारपर्यंत कसेबसे पोचलो. मला वाटत होतं की हा रस्ता संपूच नये. माझी ना म्हैस, ना काही.

आण्णा आठवडाभर कागलला राहिला. शबनूर धारेला बसायची, आण्णा शेजारी. आधी त्याचा हात सडावर आणि तिचा त्याच्यावर. मग तिचा हात खाली, त्याचा वर. मग त्यानं आपला हात तिच्या मनगटावर नेला, मग नुसती बोटं ठेवली, आणि मग एकेक बोट काढून घेतलं. शेवटी एकच बोट टेकलेलं होतं. तेही त्यानं उचललं आणि धार चालूच राहिली. हे मला शबनूरनंच सांगितलं. म्हणाली, "चाचाच्या डोळ्यातनं पानी आलं, पर हात न्हाय परत लावला."

परत आल्यावर आण्णा ठीक दिसत होता. गोठा झाडून ठेवला, विहारात झाडलोट करू लागला. एकच विचित्रपणा केला. तो कोरा चहा पिऊ लागला. आयुष्यात त्यानं कधी दूध विकत आणलं नव्हतं, आणि दुसऱ्याच्या म्हशीचं दूध घशाखाली उतरत नाही म्हणाला. मी पिशवीचं दूध घालून चहा नेला, तर कप तसाच साय धरून बसला. मी म्हटलं, हे भन्त्यांना सांगू का? तर म्हणाला, सांग.

भाद्रपदात त्याला राहवेना. "लांबनंच बघून येतो," म्हणाला. मी म्हटलं, एसटीनं जा. "एसटीत कंबरंला धक्कं बसत्यात," म्हणाला आणि यझदी काढली. हे कारण खोटं होतं. मला कळलं होतं, त्याला तर माझ्या आधी कळलं असणार. यझदीचा आवाज चांदीला किती लांबून ओळखू येतो, हे सबंध कोल्हापुरात त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

पुढचं मला काही अल्ताफनं फोनवर सांगितलं, काही नंतर आण्णानं. आण्णानं शहाणपणा केला, गाडी बरीच अलीकडे बंद केली आणि ढकलत नेली. उसाआडून बघितलं. शबनूर धार काढत होती, चांदी डोळे मिटून रवंथ करत होती. त्याला बरं वाटलं. तो तसाच मागं फिरला, गाडी ढकलत जरा लांब आला, आणि सवयीनं किक मारली. चांदीनं डोळे उघडले. चरवी उडाली, शबनूर बाजूला पडली, दावं तुटलं आणि म्हैस उसातून सरळ रस्त्याला लागली. आण्णाला काही पत्ता नाही. त्याच्याच गाडीच्या आवाजात त्याला मागची खुरं ऐकू आली नाहीत. हायवेच्या तोंडाशी ट्रकनं करकचून ब्रेक मारला, तेव्हा त्यानं वळून पाहिलं. चांदी ओल्या डांबरावर गुडघ्यांवर घसरत येत होती.

मी रिक्षा करून पोचले, तोवर तिला गोठ्यात नेलं होतं. हाड मोडलं नव्हतं, पण दोन्ही गुडघे सोलून लाल झाले होते. आण्णा दारात बसला होता, गुडघ्यांत डोकं घालून. मला भयंकर राग आला होता, पण बोलली ती शबनूर. हळदीचे हात तसेच घेऊन त्याच्यापुढं उभी राहिली.

"चाचा, तुमी मला हात शिकवलासा. हाळी न्हाय शिकवलासा. ती तुमच्याचकडं हाय. मग म्हस दिलीसा असं कसं म्हनायचं?"

आण्णानं मान वर केली नाही. तसाच म्हणाला, "खरं हाय, लेकी. दिली म्हनलं, आनि दोरी मुठीतच ठिवली."

त्या दिवसापासून चांदीनं पुन्हा पान्हा चोरला. आण्णा पुन्हा कागलला राहिला, पण या वेळी गोठ्यात गेला नाही. घराच्या मागच्या भिंतीपलीकडे खाट टाकून बसायचा आणि शबनूरला हाळी शिकवायचा. मी रविवारी गेले तेव्हा शिकवणी चालू होती. "हुर्र पोटातनं काढ. ये लांबीव. आजून. तिला वाटाय पायजे की पुढं रस्ता हाय." शबनूर लाजायची, खोकायची, पुन्हा घ्यायची. हाक दबक्या आवाजात चालली होती, म्हशीला ऐकू जाऊ नये म्हणून. उन्हं उतरली होती. अंगणात वाडं सुकत पडलं होतं. आणि एकदम तिच्या गळ्यातून ती निघाली, अगदी तशीच, माझ्या पहाटेच्या झोपेतली. आण्णा डोळे मिटून ऐकत होता.

"ही माझ्या बाची हाळी," तो म्हणाला. "मला वाटलं माझीच हाय. त्येनं बी कुनाची तरी घेतली आसंल की." मग त्यानं खिशातून यझदीची चावी काढली आणि शबनूरच्या हातावर ठेवली. आम्ही दोघं एसटीनं परत आलो. कमरेच्या धक्क्यांबद्दल तो काही बोलला नाही.

पाडव्याला अल्ताफ आणि शबनूर चांदीला घेऊन कोल्हापुरात येणार होते. तसा आण्णाचाच हट्ट होता. म्हशीचा सण चुकायला नको, म्हणाला. मी विरोध केला. पुन्हा त्याचा वास, त्याचा चेहरा, आणि पुन्हा गुडघे फुटले तर? बंद झालेला पान्हा दिवाळीच्या आधी नुकता कुठं सुटायला लागला होता. पुन्हा बिनसलं असतं तर चांदीची वाट बाजाराचीच होती. आण्णा म्हणाला, "माझ्याम्होरनं ती त्येंच्या मागनं ग्येली, तरच ती त्येंची झाली. एकदा बगू दे."

पंचगंगेच्या घाटावर सकाळचं कोवळं ऊन होतं आणि पाण्यावर अजून धुकं. गाड्या बोंबलत होत्या, गुलाल उडत होता, रंगीत शिंगांचा पूर चालला होता. आण्णा आणि मी कडेला उभे. गर्दीतून यझदी आली. अल्ताफ चालवत होता, मागं शबनूर, पदर घट्ट खोचलेला. आणि त्यांच्यामागं चांदी, निळी शिंगं, गळ्यात कवड्या, गुडघ्यांवर केस न उगवलेले दोन डाग.

आमच्यासमोर येताच ती थबकली. नाक वर केलं. गाडी पुढं निघून गेली आणि ही मागच्या म्हशींची वाट अडवून उभी. मग सरळ आमच्याकडे आली आणि आण्णाच्या हातात तोंड घातलं. त्याचा तळहात चाटला, आणि मान वर करून त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. ती हाकेची वाट बघत होती. एवढ्या गोंगाटात मला तिचा श्वास ऐकू येत होता, गोठ्यात ऐकला होता तोच. आण्णाचे ओठ हलले. खोटं कशाला सांगू, मला वाटत होतं की त्यानं हाक मारावी. आसक्ती, वैताग, भन्ते सगळं गेलं नदीत, एकदा मारावी हाक आणि घेऊन यावं तिला घरी. मी त्याच्या जागी असते तर मारलीच असती.

त्यानं ओठ मिटून घेतले. हात मात्र मागं घेतला नाही. तो तसाच उघडा धरून ठेवला, नुसता, तिला न धरता.

पुढून शबनूरची हाळी आली. "हुर्र ये चांदी, येऽऽ." चांदीचा एक कान वळला. ती आण्णाकडे बघत होती आणि कान तिकडे होता. हाळी पुन्हा आली, आणखी लांब. मग चांदीनं फुर्रकन श्वास सोडला, आण्णाचा हात ओला झाला, आणि ती वळली. आधी चालत, मग पळत, कवड्या वाजवत गेली. गुलालात तिचं काळं अंग दिसेनासं झालं.

आण्णा उभाच होता. गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते तो पुसत नव्हता. तो ओला हात त्यानं एकदा छातीवर सदऱ्याला पुसला आणि हळूच म्हणाला, "ग्येली की गं."

आम्ही घाट चढून वर आलो. गंगावेशीच्या चौकात दूधवाल्यांच्या म्हशी उभ्या होत्या, लोक पेले धरून धारेचं दूध पीत होते. तिथं तो थांबला.

"पुर्णे, पैसं हायत न्हवं? थोडं दूध घे. घरी जाऊन च्या कर, दुधाचा."

मी दूध घेतलं आणि आम्ही घरी आलो.